घरातील गॅस : वास येणारे संकट आणि वास न येणारे संकट

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांवर व्याख्यान व्हावे, हे काहींना विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांत समाजाच्या राहणीत जे परिवर्तन झाले, त्याचा फार मोठा भाग घरातील अग्नीच्या बाबतीत झालेला आहे. लाकडाची चूल, कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, मग सिलिंडर आणि आता मोठ्या शहरांतून भिंतीमधून नळाने येणारा गॅस, इतकी स्थित्यंतरे एकाच गृहिणीने आपल्या हयातीत पाहिली आहेत. चुलीच्या धुराने तिचे डोळे लाल होत, म्हणून ती धुरापासून सावध असे. आज धूर दिसत नाही, आणि म्हणून घरात जळण्याची क्रिया चालू आहे हेच घरातील मंडळींच्या ध्यानी राहत नाही. या विस्मरणातून जे अपघात घडतात ते दोन प्रकारचे असतात. एकाची सूचना नाकाला मिळते, दुसऱ्याची कोणत्याही इंद्रियाला मिळत नाही. पहिल्याविषयी बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ते थोडक्यात सांगून दुसऱ्याकडे वळणे उचित होईल.

मुंबईत लालबागला ‘गॅस कंपनी लेन’ नावाची गल्ली आहे. गिरणगावात कापडाच्या व्यवसायानिमित्त ज्यांचे येणे-जाणे होते, त्यांना ती परिचित असेल. ब्रिटिश अमदानीत मुंबईत दगडी कोळशापासून गॅस तयार होत असे व तो नळांतून रस्त्यांवरील दिव्यांना आणि घरांना पुरविला जाई. या कोळसा-गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मुळातच मिसळलेला असे. म्हणजे तो न जळता नुसता गळला तरी माणूस विषबाधेने दगावू शके. १९५५ च्या सुमारास मुंबईत सिलिंडरचा गॅस आला. १९७४ साली बॉम्बे हाय येथे समुद्रतळाखाली तेल व वायू यांचे साठे सापडले, आणि १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन होऊन मुंबईत नळाने नैसर्गिक वायू देण्याचे पर्व सुरू झाले. सिलिंडरमध्ये प्रामुख्याने प्रोपेन व ब्यूटेन असतात, तर नळाच्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. या दोहोंत न जळलेल्या अवस्थेत कार्बन मोनॉक्साइड नसतो. त्यामुळे हा नवा गॅस बिनविषारी आहे असे लोक म्हणतात. ते बरोबर आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे पुढे येईल.

हे दोन्ही गॅस स्वभावतः जवळजवळ गंधहीन आहेत. आपल्याला जो उग्र, कुजकट वास येतो तो मर्कॅप्टन वर्गातील द्रव्यांचा असून तो मुद्दाम मिसळलेला असतो. त्यामागे एक अत्यंत दुःखद इतिहास आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावी १८ मार्च १९३७ रोजी एका शाळेच्या तळघराच्या पोकळीत नैसर्गिक वायू साठत गेला. त्याला वास नव्हता, म्हणून कोणाला कळले नाही. शाळा सुटायच्या बेताला एका विजेच्या यंत्राच्या ठिणगीने स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जीव गेले, त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. त्यानंतर टेक्सासने गॅसला वास देणे कायद्याने बंधनकारक केले आणि ही प्रथा पुढे सर्वत्र पसरली. आपल्या नाकाला येणाऱ्या त्या दुर्गंधीचे मोल त्या मुलांनी दिलेले आहे.

वास आला की काय करावे, हे गॅस वितरकाच्या पुस्तिकेत छापलेले असते, परंतु ती पुस्तिका सहसा कपाटात विजेच्या जुन्या बिलांखाली सापडते. रेग्युलेटर अथवा नळाचा व्हॉल्व्ह बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे कोणतेही बटण दाबू नये. लावू नये हे सर्व जण सांगतात, पण चालू असलेले बंदही करू नये, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ठिणगी दोन्ही वेळी पडते. नंतर घराबाहेर येऊन दूरध्वनी करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. नळाच्या गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर छापलेला असतो, तो दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

येथे दोन गॅसमधील एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्याने तो खाली बसतो. ओट्याखालच्या कपाटात, जमिनीलगत, मोरीच्या खळग्यात तो साठतो. नळाचा गॅस हवेच्या निम्म्याहून थोडा अधिक वजनाचा असल्याने वर जातो आणि छतालगत, माळ्यावर किंवा हल्ली लोकप्रिय झालेल्या खोट्या छताच्या पोकळीत जमतो. सिलिंडर सोडून नळाचा गॅस घेतलेल्या घरात गळतीसूचक यंत्र मात्र जुन्याच जागी, जमिनीजवळ लावलेले आढळते. ते तेथे असून नसल्यासारखे आहे. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी, गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, आगकाडीने कदापि नव्हे. आणि वृद्धांच्या नाकावर विसंबू नये. वयोमानाने घ्राणशक्ती मंद होते, आणि २०२० च्या महामारीनंतर तर अनेकांची ती पूर्ववत झालेली नाही. येथवर पहिले संकट.

आता दुसरे.

गॅस घरात येतो तेव्हा त्याला वास असतो, परंतु तो जळतो तेव्हा वासाचे ते द्रव्यही जळून जाते. जळण्यासाठी पुरेशी हवा असेल तर त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. हवा अपुरी पडली की कार्बनला त्याच्या हिश्श्याचा प्राणवायू पूर्ण मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, गंध नाही, चव नाही, आणि तो डोळ्यांना वा घशाला झोंबतही नाही. जुन्या कोळसा-गॅसमध्ये जे विष कारखान्यातून येत असे, ते आता घरातच, चुकीच्या ज्वलनाने, तयार होऊ शकते. विष गेले नाही, त्याच्या उत्पादनाची जागा तेवढी बदलली.

रक्तातील हिमोग्लोबिन या तांबड्या द्रव्याचे काम फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन तो शरीरभर पोहोचविण्याचे असते. परंतु कार्बन मोनॉक्साइडविषयी त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पट अधिक ओढ असते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर मालवाहू गाडी रिकामी नसते, पण तिच्यात भलताच माल भरलेला असतो आणि तो उतरवून घ्यायला कोणी तयार नसते. हवेत प्राणवायू शंभरात एकवीस भाग असतो. त्या हवेत हजारात अवघा एक भाग कार्बन मोनॉक्साइड मिसळला आणि माणूस पुरेसा वेळ तेथे राहिला, तर त्याच्या रक्तातील साधारण निम्मे हिमोग्लोबिन निकामी होते. निम्मे रक्त वाहून गेले तर निदान दिसते तरी.

स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा वायू स्वतः श्वासात घेऊन त्याचे परिणाम नोंदले. खाणीत उतरताना लहान प्राणी सोबत न्यावेत, कारण त्यांच्यावर परिणाम लवकर दिसतो, अशी सूचना त्यांनी केली. त्यावरून ब्रिटनच्या कोळसा खाणींत पिवळे कॅनरी पक्षी पिंजऱ्यातून नेले जाऊ लागले. पक्षी कोसळला की मजूर मागे फिरत. ही प्रथा १९८६ पर्यंत चालू होती व नंतर पक्ष्याची जागा विद्युत यंत्राने घेतली. मुक्या जीवाला पहारेकरी नेमून त्याच्या प्राणाने इशारा घेण्याची ती रीत संपली, याचा संतोष या सभेला वाटल्यावाचून राहणार नाही. तेच यंत्र आता तळहाताएवढ्या आकारात घरासाठी मिळते, परंतु आपल्याकडे ते फारच थोड्या भिंतींवर दिसते.

हे विष आपल्या घरांत कोठे उत्पन्न होते? शेगडीच्या दोन बर्नरांवर क्वचित. खरा कारखाना आहे तो न्हाणीघरातील गॅस गिझर. तो छोटा, पेटीसारखा, नळ उघडताच पेटणारा. विजेच्या गिझरपेक्षा खर्च कमी, पाणी तत्काळ गरम, वीज गेली तरी अडत नाही, असे त्याचे गुण खरोखरच आहेत. पण त्याच्या सोयीचा हिशेब मांडताना एक बाजू वहीत लिहिलीच जात नाही, ती म्हणजे हवेची. ती येथे मांडून पाहू.

मिनिटाला सहा लिटर पाणी आंघोळीजोगे गरम करणारा गिझर पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळण्यास सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते, आणि तेवढ्या हवेचे आकारमान साधारण साडेचारशे घनफूट भरते. म्हणजे मिनिटाला साडेसात घनफूट. आता फ्लॅटमधील सर्वसाधारण न्हाणीघर घ्या. सहा फूट लांब, चार फूट रुंद, नऊ फूट उंच, एकूण दोनशे सोळा घनफूट. त्यातील बादली आणि माणूस यांनी व्यापलेली जागा सोडून दिली तरी पाच मिनिटांत हवेचा सहावा हिस्सा आणि दहा मिनिटांत तिसरा हिस्सा जळून गेलेला असतो. परंतु ज्योत काही शेवटच्या घनफुटापर्यंत थांबत नाही. हवेतील प्राणवायू एकवीसवरून सतरा-अठरापर्यंत उतरला की तिचे ज्वलन बिघडू लागते व कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण झपाट्याने चढते. वर वाफ कोंडते, जळलेली हवा पुन्हा ज्योतीतच जाते. हे सारे एका साध्या आंघोळीच्या वेळात घडते.

काही गिझरांत वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते व विक्रेता तिचे वर्णन सुरक्षा म्हणून करतो. वरील हिशेबाने वीस मिनिटांत त्या बंद खोलीतील दोन-तृतीयांश हवा खर्ची पडलेली असेल. शिवाय नळ एकदा बंद करून उघडला की ती वीस मिनिटे नव्याने सुरू होतात. अशा सोयीवर भरवसा ठेवणाऱ्याने हा गुणाकार स्वतः करून पाहावा.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे मागील बाकी. एकत्र कुटुंबात सकाळी पाच-सहा जणांची आंघोळ एकापाठोपाठ होते. आजोबांना मंदिरात पूजेला जायचे असते, त्यांचा पहिला नंबर. त्यांच्या आंघोळीत खर्च झालेली हवा दार क्षणभर उघडल्याने पुरती भरून निघत नाही. बाकी पुढच्या पानावर ओढली जाते, मग त्याच्या पुढच्या. सर्वांच्या शेवटी, घरातील सगळ्यांचे आटोपल्यावर, जी सून अथवा शाळेला उशीर झालेली मुलगी आत जाते, तिच्या नावावर सगळी थकबाकी निघते. केस धुवायचे असल्याने तिला वेळही अधिक लागतो. घरात ज्याचा नंबर शेवटचा, त्याचा धोका सर्वांत मोठा, ही व्यवस्था कोणी ठरवून केलेली नाही, पण ती अनेक घरांत तशीच आहे.

या विषबाधेची लक्षणे अशी की ती पाहून कोणाला संशय येऊ नये. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायांतील शक्ती जाणे, विचार गोंधळणे. आपल्याकडे याला पित्त म्हणतात आणि आमसुलाचे पाणी देतात. तपश्चर्या चालू असलेल्या घरात तर आणखी सोपे कारण हाताशी असते. अठ्ठाई केलेली श्राविका न्हाणीघरात भोवळ येऊन पडली की सगळे म्हणतात, उपवासाचा अशक्तपणा. ते कारण खरेही असेल. परंतु त्याच वेळी आत गॅसचा गिझर चालू होता काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. सशक्त माणसाला जी मात्रा केवळ डोकेदुखी देते, ती उपवासाने क्षीण झालेल्या देहाला, गर्भवतीला, हृदयविकार असलेल्या वृद्धाला आणि लहान मुलाला कितीतरी अधिक जाचक ठरते. गर्भातील बाळाच्या बाबतीत तर आई सावरली तरी बाळाच्या रक्तातून हा वायू उशिरा निघतो.

भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी आपल्या नियतकालिकांतून ‘गॅस गिझर सिंड्रोम’ या नावाने अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली आहेत. न्हाणीघरात बेशुद्ध सापडलेली, झटका आलेली माणसे. बाहेर आणल्यावर काही वेळाने शुद्धीवर येतात, तपासण्या ठीक निघतात, आणि फेफरे असे निदान होऊन त्यावरील गोळ्या सुरू होण्याचा संभव असतो. अविवाहित मुलीच्या कपाळी असे निदान लागले तर आपल्या समाजात त्याचे पुढे काय होते, हे या सभेत फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही. रोग मुलीला नसतो, तो भिंतीवरच्या पेटीत असतो.

आणखी एक फसवणूक महामारीच्या काळापासून घरोघरी शिरली आहे. २०२०-२१ मध्ये बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर सर्वांनी घेतले. कार्बन मोनॉक्साइडने भारलेले हिमोग्लोबिनही त्या यंत्राला प्राणवायूने भरल्यासारखेच तांबडे दिसते. माणूस गुदमरत असता आकडा अठ्ठ्याण्णव दाखवील. या प्रसंगी त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. निदान होते ते रक्ताच्या वेगळ्या तपासणीने, आणि ती तपासणी डॉक्टरला सुचावी म्हणून त्याला कोणीतरी सांगावे लागते की रुग्ण गॅस गिझर चालू असलेल्या खोलीत सापडला.

कोणी म्हणेल, आमच्या आज्यांनी बंद खोलीत शेगड्या पेटविल्या, त्यांना काही झाले नाही. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, बाळाला धुरी, थंडीच्या दिवसांत आजोबांच्या खोलीत कोळशाची शेगडी, या गोष्टी घरोघर होत्या. परंतु ते घर कौलारू होते. कौलांच्या फटींतून चांदणे आत येत असे. भिंतीला गवाक्षे होती, दारे उंबरठ्यावर कधी नीट बसत नसत, आणि स्वयंपाकघरावर धुराडे असे. ते घर श्वास घेत होते, म्हणून आतला माणूसही घेत होता. आजच्या फ्लॅटला वर स्लॅब, खिडक्यांना सरकत्या काचा, गॅलरी बंदिस्त केलेली, दाराला रबराची पट्टी. वातानुकूलनाची थंडी बाहेर जाऊ नये म्हणून जी काळजी घेतली, तीच जळलेल्या हवेला अडवून धरते. घर बदलले आणि शेगडीची सवय तेवढी जुन्या घरातून सामानाबरोबर आली. बाळंतिणीच्या खोलीत शेक आवश्यक वाटत असेल तर तो विजेच्या अथवा गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा. निखारे लाल दिसतात, धूर मुळीच नसतो, तेव्हाच ते हा वायू भरपूर सोडीत असतात.

फ्रान्सचे विख्यात कादंबरीकार एमिल झोला २९ सप्टेंबर १९०२ रोजी पॅरिसमधील आपल्या घरी शयनगृहात अशाच रीतीने मरण पावले. शेगडीचे धुराडे वर तुंबलेले होते. पत्नी वाचली, ते वाचले नाहीत. यामागे घातपात होता, असा संशयही पुढे व्यक्त झाला. शंभराहून अधिक वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, नेपाळातील दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळहून सहलीला गेलेल्या दोन कुटुंबांतील आठ जण एकाच खोलीत रात्री गॅसचा हीटर लावून झोपले. दारे-खिडक्या आतून बंद होत्या. सकाळी आठही जण बेशुद्ध सापडले व कोणीही वाचले नाही. त्यांत चार मुले होती. यात्रेला जाणाऱ्या, धर्मशाळेत एका खोलीत आठ-दहा जण मिळून उतरणाऱ्या समाजाने ही घटना वाचून सोडून देण्याजोगी नाही.

उपाय महाग नाहीत. गॅस गिझर न्हाणीघरात लावूच नये, हा पहिला आणि खरे पाहता पुरेसा उपाय आहे. त्याच्या सूचनापुस्तिकेतही बहुधा हेच लिहिलेले असते. तो मोकळ्या हवेत, सज्जात किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवून केवळ गरम पाण्याचा नळ आत न्यावा. बंदिस्त केलेली गॅलरी ही मोकळी हवा नव्हे. इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये गिझर आणि त्याच डक्टमध्ये उघडणारा न्हाणीघराचा झरोका, अशी रचनाही आढळते. त्यात जळलेली हवा वळसा घेऊन पुन्हा आतच येते. बसविणारा कारागीर प्लंबर असतो, पाण्याची गळती होऊ नये इतकेच त्याला पाहायचे असते, हवेचा विचार त्याच्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल. तो घरमालकाने करायचा आहे.

जेथे गिझर आत आहे आणि आजच्या आज हलविणे शक्य नाही, तेथे दार उघडे ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मगच आत जाऊन कडी लावावी. शॉवर नको. दाराखाली दोन बोटांची फट असावी, कारण वरून हवा बाहेर जायची तर खालून आत येण्यास वाट हवी. निर्वात पंखा लावूनही खाली फट नसेल तर पंखा नुसता फिरतो. हिवाळ्यात वारा लागतो म्हणून झरोक्यात जुन्या कपड्यांचा बोळा कोंबलेला असतो. असा बोळा आजच्या आज काढून टाकावा. आणि ज्या घरात मुलगी शेवटी आंघोळ करते, तेथे काही दिवस तिचा नंबर पहिला लावून पाहावा.

येथे एक अडचण मोकळेपणाने बोलली पाहिजे. संध्याकाळी दिव्यावर आणि ज्योतीवर जीवजंतू झेपावतात, ते होरपळू नयेत म्हणून श्रावकाच्या घरी खिडक्या लावून घेण्याची रीत आहे. ती यतनेची रीत आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु उकाळलेल्या पाण्याचे मोठे पातेले तास-दीड तास ज्योतीवर असते आणि खिडकी बंद असते, तेव्हा यतना एका बाजूनेच होते. खिडकीला बारीक जाळी लावली की दोन्ही साधते. मात्र स्वयंपाकघरातील जाळी तेलकट धुरळ्याने मेणचट होते, तिची छिद्रे बुजतात, आणि ती जाळी न राहता पडदा होते. तिला महिन्यातून एकदा गरम पाण्याने धुवावे लागते. पातेल्याचे बूड काळे पडू लागले किंवा ज्योत निळी न राहता पिवळी झाली, तर बर्नर साफ करून घ्यावा. सिलिंडरहून नळाच्या गॅसवर आलेल्या घरात शेगडीचे आणि गिझरचे जेट बदलले आहेत का, याची खात्री करावी. दोन्ही गॅसना एकच जेट चालत नाही. ज्योत निळी असली म्हणजे सर्व निर्धोक, असेही मात्र समजू नये.

कार्बन मोनॉक्साइडचे सूचक यंत्र घेताना ते त्याच वायूचे आहे ना, हे पाहावे. गॅसगळतीचे यंत्र वेगळे, ते या विषाला ओळखत नाही. ते श्वासाच्या उंचीवर लावावे आणि त्यावर दिलेल्या मुदतीनंतर बदलावे, कारण आतील संवेदक झिजतो.

प्रसंग ओढवलाच तर. आंघोळीला गेलेल्या व्यक्तीचा आवाज येईनासा झाला तर दोन हाका मारून थांबू नये. न्हाणीघराचे दार बहुधा आत उघडते व पडलेला माणूस नेमका दारालाच टेकलेला असतो, म्हणून दार बाहेर उघडणारे करून घेणे आणि कडी बाहेरूनही निघेल अशी बसविणे हे सुताराचे एका दिवसाचे काम आहे. गिझरचा गॅस बाहेरून बंद करावा, दार सताड उघडावे, श्वास रोखून आत जाऊन व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे. आत उभे राहून तोंडावर पाणी मारीत बसू नये, त्याने वाचविणाराही कोसळतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिला तर तासा-दीड तासात तेवढा उतरतो. म्हणून शुद्ध आली, आता घरीच विश्रांती घेऊ दे, असे म्हणू नये. काही रुग्णांत स्मरणशक्ती व चालणे यांवरील परिणाम कित्येक दिवसांनी अथवा आठवड्यांनी प्रकट होतात. रुग्णालयात पोहोचताच पहिले वाक्य हे असावे : न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू होता. त्याच दिवशी त्याच घरातील आणखी कोणाचे डोके दुखत असेल, तर त्यालाही सोबत नेऊन तपासून घ्यावे.

राहता राहिल्या धर्मशाळा आणि यात्रिक निवास. तेथे यात्रिक एक-दोन रात्री राहतो, त्याला त्या खोलीचा स्वभाव ठाऊक नसतो, आणि पहाटे गरम पाण्याची घाई सर्वांनाच असते. प्रत्येक न्हाणीघरात स्वतंत्र गॅस गिझर लावण्यापेक्षा गच्चीवर सौर बंब अथवा बाहेर एकच मोठा बंब ठेवून नळाने पाणी देणे स्वस्तही पडते. जेथे गिझर लागलेले आहेत तेथे कार्तिकी यात्रेची गर्दी सुरू होण्यापूर्वी व्यवस्थापकाने एक दिवस काढून प्रत्येक खोलीत जावे, झरोक्यातून हात बाहेर काढून पाहावा, दाराखालून वर्तमानपत्राचा कागद सरकतो का ते पाहावे, आणि जेथे सरकत नाही त्या खोलीची चावी दुरुस्ती होईपर्यंत फळीवर लावू नये.